आधी भोकं, मग गादी: जुन्या गाडीतला आवाज आणि वास

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरच्या उन्हात उभी असलेली प्रीमियर पद्मिनी उघडून बघा. दार उघडताच जो भपकारा येतो, त्यात निदान पाच वास असतात. तापलेलं रेक्झीन, पेट्रोल, जुनं ऑइल, कधीतरी ओल धरलेला काथ्या आणि आधीच्या मालकानं डॅशबोर्डवर चिकटवलेल्या अत्तराच्या बाटलीचा उरलेला गोडसर दर्प. मग गाडी रस्त्यावर आणा, साठच्या पुढे न्या. शेजारच्या माणसाशी बोलताना "काय?" असं तीनदा विचारावं लागतं आणि चौथ्यांदा आपण नुसतीच मान हलवतो.

माझी गाडी १९८४ ची. १०८९ सीसीचं इंजिन, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि रबराचा प्रत्येक तुकडा चाळीस वर्षांचा. घेतल्यावर सगळे करतात तेच मीही केलं. गच्चीची गळती थांबवायला वापरतात ती डांबरी शीट हार्डवेअरच्या दुकानातून आणली, सीट काढल्या आणि सगळा तळ झाकून टाकला. वर जाड फेल्ट, त्यावर नवी मॅट. फेब्रुवारीत गाडी शांत वाटली. एप्रिल लागला तसा केबिनमध्ये नव्यानं डांबर टाकलेल्या रस्त्याचा वास सुटला, आणि मेमध्ये ते डांबर पातळ होऊन मॅटच्या कडेनं वर आलं. बायकोच्या साडीला लागलं. तो डाग आमच्या घरात अजूनही अधूनमधून चर्चेला येतो. आवाज मात्र साठच्या पुढे होता तेवढाच राहिला.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, मला आत बसवून दारं लावून घेतली आणि इंजिनाच्या बाजूनं बॅटरीचा झोत मारला. माझ्या पायांवर उजेडाचे चार ठिपके पडले. एक तर चांगला लिंबाएवढा.

"भाऊ, पयले भोकं बुजवा न. गादी मंग घाला."

पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

आवाज म्हणजे हवेची थरथर, आणि वास म्हणजे हवेबरोबर आलेले कण. दोघांनाही आत यायला वाट लागते, आणि जुन्या गाडीत ती वाट बहुतेक वेळा एकच असते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला आपण फायरवॉल म्हणतो. तिच्यातून स्टिअरिंगचा दांडा येतो, पेडलांचे दांडे येतात, स्पीडोमीटरची केबल, चोकची केबल, वायरिंगचा गुच्छ. प्रत्येक भोकात कंपनीतून आलं तेव्हा रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला घट्ट बसणारी कडी, होतं. चाळीस उन्हाळ्यांनंतर ते बिस्किटासारखं तुटतं. शिवाय मधल्या काळात कुणी स्टिरिओ बसवला, कुणी हॉर्न बदलला, त्यासाठी ड्रिलनं आणखी दोन भोकं पाडली आणि ती तशीच सोडली.

आता गणित बघा. एक चौरस मीटरच्या भिंतीत १०० चौरस सेंटीमीटर जागा उघडी आहे, म्हणजे शंभरातला एक भाग. सगळी भोकं मिळून तळहाताएवढी. उरलेली भिंत तुम्ही फूटभर जाडीच्या काँक्रीटची केली तरी ती पलीकडचा आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही, कारण शंभरातला एक भाग आवाज त्या फटीतून सरळ आत येतो. उघडी जागा हजारात एक भागावर आणली की ही मर्यादा ३० डेसिबलवर जाते. माणसाच्या कानाला १० डेसिबलचा फरक म्हणजे आवाज साधारण अर्धा झाल्यासारखा वाटतो. गादीवर पैसे ओतून जे होणार नव्हतं, ते मूठभर ग्रोमेट आणि एका ट्यूबमधल्या सीलंटनं होतं.

भोकं शोधायचा पहिला उपाय मिस्त्रीचाच. रात्री गाडीत प्रखर दिवा ठेवायचा, सगळं बंद करायचं आणि बाहेरून, खालून, बॉनेट उघडून उजेड कुठून येतो ते बघायचं. दारांच्या रबरासाठी दहाची नोट बीडिंगवर ठेवून दार लावा आणि नोट ओढा. घासत आली तर रबर दाबून बसतंय, अलगद सुटली तर तिथून वारा शिरतो. दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात आणि तिकोनी काचेजवळ नोट हमखास सुटते.

दुसरा उपाय खास आपल्या गावाचा आहे. घरचा कूलर काढा, पाण्याची मोटर बंद ठेवा आणि नुसता पंखा चालवून त्याचं तोंड गाडीच्या एका खिडकीला लावा. उरलेली फट पुठ्ठा आणि चिकटपट्टीनं बंद करा. केबिन फुग्यासारखी भरते आणि आतली हवा जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते. संक्रांतीच्या पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी काडीला चिकटवून गाडीभोवती फिरवा. पट्टी फडफडली तिथे खडूनं खूण करा. माझ्या गाडीवर एकवीस खुणा झाल्या. काही लोक यासाठी उदबत्ती वापरा म्हणतात. जिथे पेट्रोलचा वास येतोय तिथे निखारा घेऊन फिरणं हा शुद्ध वेडेपणा आहे, म्हणून कागदच.

भोकं बुजली की उरलेल्या आवाजाकडे वळायचं, आणि तिथे एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवावी लागते, नाहीतर माणूस निराश होतो. गाडीतला घोंघाट हा चार-पाच आवाजांचा मेळ असतो आणि डेसिबल साधे बेरीज-वजाबाकीनं चालत नाहीत. सारख्या जोराचे दोन आवाज असतील आणि त्यातला एक तुम्ही पूर्ण बंद केलात, तरी मोजणी फक्त ३ डेसिबलनं उतरते. कानाला ते जेमतेम कळतं. पहिलं काम केल्यावर "काहीच फरक नाही" असं वाटतं ते यामुळे. म्हणून सर्वात मोठा आवाज कोणता ते आधी ओळखायचं. मोबाइलमधलं डेसिबल मोजणारं ॲप अचूक नसतं, पण तोच फोन, तोच रस्ता, तोच वेग, काचा तशाच, एवढं पाळलं तर आधी आणि नंतर यांची तुलना करायला पुरतं.

ओळखायचं कसं? मोकळ्या रस्त्यावर साठला जा आणि गाडी न्यूट्रल करा, इंजिन चालू ठेवून. आवाज एकदम पडला तर तो इंजिन किंवा सायलेन्सरचा. तसाच राहून वेगाबरोबर हळूहळू उतरला तर टायर, वारा किंवा चाकाचं बेअरिंग. हलकंसं डावी-उजवीकडे वळवल्यावर घरघर बदलली तर बेअरिंगकडे बघा. ॲक्सिलरेटर दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, तर मागच्या चाकांच्या मधल्या हाउसिंगमधला क्राउन-पिनियन, म्हणजे तिथली गिअरची जोडी, बोलतोय, आणि त्यावर गादी घालणं म्हणजे दुखणाऱ्या दातावर रुमाल बांधणं. वाऱ्याचा संशय असेल तर दारांच्या आणि तिकोनी काचेच्या सगळ्या फटींवर बाहेरून कागदी टेप लावून एक फेरी मारा, मग एकेक पट्टी काढत जा. ज्या पट्टीला शिट्टी परत येते ते रबर बदला. आणखी एक गंमत: वर्धा रोडवरच्या डबल डेकर पुलाखाली रात्री, रस्ता रिकामा असताना, काचा उघड्या ठेवून जा. खांबांवर आपटून परत आलेला आवाज ऐकला की फुटक्या सायलेन्सरची फुरफुर लगेच लक्षात येते.

सगळ्यात त्रासदायक आणि सगळ्यात कमी समजला जाणारा आवाज म्हणजे ठराविक वेगाला कानात भरणारा घुमारा. माझ्या गाडीत तो साठ-पासष्टला येतो, सत्तरला कमी होतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला २,६०० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ८७ ठोके. आता केबिनची लांबी दोन मीटर धरा. आपल्या उन्हाळ्यातल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, आणि दोन मीटरच्या बंद पेटीत तो पुढे-मागे घुमायला लागतो तो नेमका ८७-८८ च्या आसपास. इंजिनाचा ठोका आणि केबिनचा स्वतःचा सूर जुळला, की बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी अख्खी गाडी घुमते. या लाटेची लांबी चार मीटरची. इंचभर जाडीचा फोम तिला जुमानत नाही. तिचा उपाय उगमापाशीच आहे: इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, सायलेन्सरची लटकणारी रबरं, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. कडक झालेलं रबर थरथर न पचवता जशीच्या तशी बॉडीला देतं, आणि पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. चार रबरं बदलल्यावर माझा घुमारा निम्म्याहून कमी झाला. त्यासाठी सीटला हातही लावावा लागला नव्हता.

टायरचा आवाज वेगळ्या जातीचा. नागपुरात सिमेंटचे रस्ते इतके झाले आहेत की डांबरी रस्त्यावर गाडी आली की रेडिओ बंद पडला की काय असं वाटतं. सिमेंटच्या खरबरीत रेघांवर टायर सेकंदाला हजारेक कंपनांच्या आसपास गुणगुणतो, आणि दर सांध्याला टप्प करतो. गुणगुण चाकाच्या कमानीच्या पत्र्यातून आणि तळातून आत येते. इथे फोम आणि वजन दोन्ही उपयोगी पडतात. पण त्याआधी टायरच्या बाजूला असलेले शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुन्या गाड्या फिरतात कमी, त्यामुळे नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. तसले टायर आवाजापेक्षा ब्रेक लावताना जास्त महागात पडतात.

आता गादी. तिच्यात तीन वेगवेगळी कामं आहेत आणि दुकानदार तिन्ही एकाच नावानं विकतो. पहिलं काम थरथर मारायचं. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की किती वेळ वाजत राहतं. त्याला एक बोट लावा, गप्प. अख्खं ताट हातात धरावं लागत नाही. वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि खाली चिकट ब्युटाइल रबर अशी जी शीट मिळते, ती म्हणजे हे बोट. पत्रा थरथरतो तेव्हा मधलं रबर ताणलं जाऊन ती हालचाल उष्णतेत जिरवतं. म्हणून ती पत्र्याच्या मधल्या भागात, साधारण पाव ते एक तृतीयांश जागेवर लावली तरी बरंचसं काम होतं. बोटानं टिचकी मारून बघा. टण्ण वाजतं तिथे लावा, ठप्प वाजतं तिथे सोडा. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते. सगळीकडे थापली तर गाडी एका पोत्यानं जड होते.

दुसरं काम वजनाचं. अडसर जितका जड तितका आवाज अडतो, वजन दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल. त्यासाठी जड विनाइलची शीट मिळते. ती पत्र्याला थेट न चिकटवता मध्ये फोम ठेवून तळावर पसरायची. गोठ्यात गाईंखाली टाकतात ती जाड रबर मॅट कापून वापरायची कल्पना मला एकानं दिली होती. आवाजाच्या दृष्टीनं कल्पना उत्तम. उन्हात तिचा वास येतो आणि तो जात नाही.

तिसरं काम उष्णता आणि उंच सुरातला आवाज अडवायचं. एसीच्या डक्टवर गुंडाळतात तो काळा बंद पेशींचा रबरी फोम छताच्या अस्तराखाली आणि फायरवॉलवर चांगला बसतो. बंद पेशींचा म्हणजे पाणी न पिणारा. स्पंजसारखा उघडा फोम, तागाचं फेल्ट, काथ्या हे सगळे आवाज शोषतात, पण पाणीही शोषतात, आणि तळाच्या पत्र्याला चिकटून बसलेलं ओलं फेल्ट म्हणजे गंजाचं बाळंतपण. गंजावर शीट चिकटवायची नाही, आधी घासून, गंजरोधक प्रायमर मारून, मगच. आणि डांबर नाही. ते का, हे साडीला विचारा.

वासाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: कारण सापडेपर्यंत गाडीत अत्तर, कापूर, लिंबाच्या वासाची जेल असलं काहीही ठेवू नये. नाकाला काम करू द्यावं.

पेट्रोलचा वास कधी येतो याची नोंद ठेवा. इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं येत असेल आणि ऊन रणरणतं असेल, तर तो बहुधा कार्ब्युरेटरचा. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात, आणि गरम इंजिनावर बसलेल्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत, तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. जुन्या गाडीत हे चालायचंच. टाकी काठोकाठ भरल्यावर येत असेल तर तेही सरळ आहे. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल ३५ लिटर घेतलं आणि उन्हात ते २० अंशांनी तापलं, तर ते अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. नव्या गाडीत वाफ अडवायला कोळशाचा डबा असतो, आपल्यात नाही. मेमध्ये टाकी गळ्यापर्यंत भरू नये.

पण चालू गाडीत सतत वास येत असेल तर ती चालवू नका. रबरी पाइप बघा. पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत आलं आहे, आणि १९८४ च्या रबराला, कॉर्कच्या गॅस्केटला, पंपाच्या पडद्याला त्याची सवय नाही. ते फुगतात, मऊ होतात, मग चिरतात. फ्लोरो-रबराचं अस्तर असलेला पाइप मागा, मीटरला थोडा महाग पडतो. टाकीच्या गळ्याचं रबर आणि पेट्रोल-काट्याच्या झाकणाखालचं गॅस्केट याच खेपेला बदलून घ्या. डिकीतला वास बहुतेक या दोन ठिकाणांहून येतो.

एक्झॉस्टचा वास सर्वात गंभीर. धुरातला जीवघेणा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला स्वतःला वास नाही. आपल्याला जो येतो तो त्याच्या सोबत्यांचा. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सोडलेला धूर तिथेच घोटाळतो आणि डिकीचं रबर वाळलं असेल तर आत येतो. त्यात पुढच्या तिकोनी काचा उघड्या असल्या की त्या केबिनमधली हवा बाहेर ओढतात आणि तिची जागा डिकीतून आलेल्या धुरानं भरते. काच उघडल्यावर वास वाढतोय हे उलटं वाटतं, पण डिकीचं रबर गेल्याची ती पक्की खूण आहे. डोकं जड होणं, मळमळणं असं काही जाणवलं तर गाडी थांबवून बाहेर या, बाकी तपास नंतर.

जळक्या ऑइलचा वास बहुधा व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून गळून मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या तापलेल्या नळ्यांवर, पडलेल्या थेंबांचा. गंधकासारखा उग्र वास गिअर ऑइलचा. सडक्या अंड्याचा आला तर बॅटरी जास्त चार्ज होतेय का ते तपासा. आणि काहीच सापडलं नाही तर सीटखाली हात घाला. मला एकदा आठवडाभर शोधूनही कारण कळेना. शेवटी काटोलहून आणलेल्या पेटीतलं एक संत्रं सीटच्या रुळामागे सापडलं, हिरव्या दाढीसकट.

उरला कुबट वास. तो बुरशीचा, आणि बुरशीला ओल लागते. उपाय आपल्याकडे फुकट आहे. मेमध्ये सीट, मॅट, फेल्ट सगळं काढून गच्चीवर चार-पाच दिवस ठेवा, उलटपालट करा. काथ्या काळा पडला असेल तर तो टाका, नुसत्या उन्हानं त्याचा वास जात नाही, परतून येतो. कापडावर खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळी व्हॅक्यूम केलेला चालतो. पण पाणी येतंय कुठून ते जूनआधी शोधा. पुढच्या काचेच्या रबरावर होजनं हलकी धार सोडा आणि आत कुणालातरी डॅशखाली डोकं घालून बसवा. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम फार आवडतं.

गाडी ५० वर्षांची होत आली असेल तर एक वेगळी काळजी. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. म्हणून जे कराल ते काढता येईल असं करा. नवं ड्रिल चालवू नका आणि मूळ मॅट माळ्यावर जपून ठेवा.

शेवटचं, कारण भोकं बुजवायच्या भरात मी हेही करून बसलो होतो. दारांच्या तळाला कंपनीनंच दोन-तीन लहान फटी ठेवलेल्या असतात. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथून जातं. मी त्या सीलंटनं मोठ्या प्रेमानं बंद केल्या. जुलैमध्ये दार उघडलं की आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायचा, माठ हलवल्यासारखा. मिस्त्रीनं काही न बोलता सायकलचा जुना स्पोक घेतला आणि फटी मोकळ्या केल्या. तांब्याभर तांबडं पाणी निघालं. टाकीच्या हवा सोडणाऱ्या नळीलाही असाच हात लावू नका. ती दोन ठिकाणं उघडीच ठेवायची.